बारा वाजेपर्यंत तीन फूट

फौजेतून उतरल्यावर माझं पहिलं पोस्टिंग एका विहिरीवर झालं. १९७३ सालचा मार्च महिना होता. इंजिनिअर्समध्ये पंधरा वर्षं काढून मी हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो होतो. काळी ट्रंक, बिस्तरा आणि डिस्चार्ज बुक घेऊन जालन्याला रेल्वेतून उतरलो, बसने केदारखेड्याला आलो आणि तिथून तासभर चालत घरी गेलो. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता. आमची सगळी सरकारी कामं औरंगाबादला.

गावात पाणी नव्हतं. पावसाने दगा दिला होता. बाया पूर्णेच्या पात्रात वाळू उकरून वाटीवाटीने हंडे भरत होत्या. एका हंड्याला पाऊण तास लागायचा, मी घड्याळ लावून पाहिलं होतं. सरकारने दुष्काळी कामातून गावाबाहेर पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर केली होती. गावाला आणि आमच्या बौद्ध वस्तीला मिळून एकच. बावीस फुटांवर काळा पाषाण लागला आणि काम अडलं. सुरुंग जाणणारा माणूस हवा होता. कामावरचे ओव्हरसियर मला शोधत घरी आले.

"हवालदार, सुरुंग भरता येतो?"

"येतो."

"माणसं सांभाळता येतात?"

"येतात," मी म्हणालो. यातलं पहिलं उत्तर खरं होतं.

परवा जालन्यातल्या एका कारखान्याच्या तरुण मॅनेजरने मला बोलावलं होतं. त्यांच्या सुपरवायझर लोकांसमोर 'चांगला लीडर कसा असतो' यावर दहा मिनिटं बोलायचं होतं. मी मेडल लावून गेलो. शिस्त, वेळ, हुकूम यांवर बोललो, टाळ्या घेतल्या, शाल घेतली आणि घरी आलो. मग स्वतःचाच इतका राग आला की शाल घडी न मोडता सुनेला देऊन टाकली. तिथे बोलायला हवं होतं ते हे आहे.

त्यासाठी विहिरीच्या आधी एक वर्ष मागे जावं लागेल. १९७१ ची लढाई संपल्यावर आमची कंपनी पश्चिम सीमेवर माइन्स काढत होती. माइन्स आपल्याच लोकांनी लढाईपूर्वी पेरलेल्या. पेरताना त्यांचं रेकॉर्ड ठेवतात: अमुक खांबापासून अमुक दिशेला इतकी पावलं. काढताना त्याच खांबापासून मोजत यायचं, पांढऱ्या पट्ट्या टाकून वाट आखायची आणि पोटावर झोपून टोचणीने एकेक इंच जमीन तपासायची.

आमचे सुभेदार हरनाम सिंग साहेब होते. माणूस उंच, आवाज लहान. सकाळी सहाला फॉल इन व्हायचं. त्यात लांगरीही, म्हणजे स्वयंपाकीही, उभा राहायचा. हुकूम देऊन झाले की साहेब रांगेतल्या सगळ्यात खालच्या माणसासमोर जाऊन थांबायचे आणि विचारायचे, "आज गलती कहाँ होगी?"

"कोई गलती नहीं, साहब," असं म्हणणाऱ्याला संध्याकाळी सगळ्या सेक्शनची भांडी घासावी लागत. म्हणून प्रत्येक जण काहीतरी सांगायचा. कुणाचा बूट चावतो, कुणाच्या टोचणीची मूठ ढिली झालीय. साहेब सगळं ऐकून घ्यायचे. आम्ही एनसीओ, म्हणजे नाईक-हवालदार लोक मागे हसायचो. मला ती साहेबांची खोड वाटायची.

एका सकाळी सहा दहाला त्यांनी लांगरी बाबूला विचारलं. बाबू चाळिशीचा, कायम कणकेने भरलेले हात.

"साहब, वो पंप के पास का खंभा नया है."

"कैसे मालूम?"

"पानी रोज वहीं से लाता हूँ. पुराना टूट गया था. गाँववालों ने लौटकर दूसरा गाड़ा. जगह थोड़ी अलग है."

त्याच खांबापासून आदल्या दिवशी मी स्वतः मोजमाप घेतलं होतं. माझं डोकं भडकलं. आता लांगरी मला मोजायला शिकवणार होता! साहेबांनी काम थांबवलं. सात वाजता रेडिओवर कंपनी कमांडर आले.

"काम बंद क्यों? ओव्हर."

"रेफरन्स पॉइंट पर शक है, साहब. ओव्हर."

"गलती किसकी? ओव्हर."

मी दोन पावलांवर उभा होतो. सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मेरी, साहब. ओव्हर."

दुपारी जुन्या खांबाचा खुंट सापडला. नऊ पावलांचा फरक निघाला. जी जागा मोकळी समजून आम्ही सहा जण उभ्याने चालत जाणार होतो, तिथे माइन्सची पहिली रांग होती. संध्याकाळी साहेबांनी बाबूला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. मी मात्र त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. जीव वाचवल्याबद्दल लांगऱ्याचे आभार मानायला मला जड गेलं. ते आजही बोचतं.

आता विहिरीवर येतो.

कामावर चोवीस माणसं होती. दहा पुरुष, म्हणजे पाच जोड्या. जोडीतला एक जण पहार धरून फिरवायचा, दुसरा तिच्यावर घण मारायचा. असं करत पाषाणात भोक पाडायचं. संध्याकाळी साडेपाचला सगळे वर आले की मी एकटा उतरून भोकांत जिलेटीन भरायचो, वाती पेटवायचो आणि वर यायचो. सकाळी बाया फुटलेला दगड टोपल्यांनी बाहेर काढायच्या. विहिरीच्या कडेने पायऱ्या कोरल्या होत्या, त्यांवर त्यांची साखळी लागायची.

पहिल्या सकाळी सातला मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता यांचा हुकूम आयकावा लागंल व्हय आपल्याला?" दोघे-तिघे हसले. कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही, पण त्या एका वाक्याला पुढचे दोन महिने मी उत्तर देत राहिलो. फौजेत पंजाबी, कोकणी, राजस्थानी, सगळ्यांनी माझा हुकूम उचलला होता. माझ्याच गावात मात्र हुकमाची जात पाहिली जात होती. मला राग आला आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

भ्यालेला माणूस आवाज चढवतो. मी तेच केलं. सातला हजेरी. सात पाचला आलेला परत घरी. माझ्याशी बोलायचं ते जोडीच्या मुख्याने, बायांच्या बाजूने त्यांच्या मुकादमीण बाईने. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि बारा वाजेपर्यंत प्रत्येक जोडीचं तीन फूट भोक झालंच पाहिजे. ज्याचं होणार नाही त्याने बाकीचे जेवत असताना पहार डोक्यावर धरून उभं राहायचं. फौजेत ही शिक्षा रोजची. जवान शिक्षा भोगतो, घाम पुसतो आणि विसरतो. बायकोसमोर उभं राहिलेला चाळिशीचा माणूस विसरत नसतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं असंही नाही, मला ते दिसत होतं.

एक नियम मी इंजिनिअर्समधून जसाच्या तसा आणला होता. जुन्या भोकात, किंवा त्याच्या वीतभर जवळ, नवीन भोक पाडायचं नाही. सुरुंग उडाला तरी कधीकधी भोकाच्या बुडाशी थोडं जिलेटीन न उडता राहतं. वरून ते रिकामंच दिसतं. पण विहिरी खणणाऱ्यांना अशा भोकाचा मोह होतो, कारण फूटभर खोली आयती मिळते आणि फूटभर पाषाण म्हणजे दीड तासाचा घाम. हा मोह मला माहीत होता, म्हणून रोज सकाळी मी आधी एकटा उतरायचो आणि बॅटरी लावून एकेक जुनं भोक तपासायचो.

सांडू माझ्या वस्तीतला. माझ्या वयाचा. चौथीपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. मी फौजेत गेलो तेव्हा केदारखेड्यापर्यंत माझी ट्रंक त्याने डोक्यावर आणली होती. पहिल्या दिवशी दुपारी तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "तुळश्या, जरा दमानं घे की. हितं काय लढाई चालू हाय?"

"हवालदार म्हणायचं," मी म्हणालो.

त्यानंतर त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही.

त्याची जोडी मी कडुबाशी लावली. कडुबा गावातला मराठा, दोन एकरांचा धनी, खांद्याने दणकट. तो घण मारायचा, सांडू पहार धरायचा. वस्ती आणि गाव एका पहारीवर आणले म्हणून मी स्वतःवर खूश होतो. ते दोघेही एकमेकांवर खूश होते. एकमेकांच्या भाकरीचा तुकडा मोडून खायचे. रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी गिळताना घशाला टोचायच्या, म्हणून कडुबा घरून मिरचीचा ठेचा आणायचा आणि अर्धा सांडूच्या भाकरीवर ठेवायचा.

काम झपाट्याने उतरलं. मेच्या मध्यापर्यंत अडतीस फूट झालं. ओव्हरसियर दुसऱ्या कामांवर माझं नाव सांगू लागले. "माणसं कशी राखावी ते हवालदाराला विचारा." मी ते ऐकून छाती काढून घरी जायचो.

मग एक दिवस सांडू तापाने फणफणलेला आला. हे मला नंतर कळलं. त्याने मला सांगितलं नाही, कारण जोडीचा मुख्य कडुबा होता आणि बोलायचं मुख्याने. बारा वाजता भोक मोजलं, अडीच फूट भरलं. शिक्षा जोडीला हवी होती. मी एकट्या सांडूला उभं केलं. कडुबाला उभं केलं असतं तर गाव उठलं असतं. सांडूसाठी कुणीच उठणार नव्हतं. शिवाय आपल्या वस्तीतल्याला हवालदार सोडत नाही, हेही सगळ्यांना दिसायला हवं होतं. तेव्हा मी याला निःपक्षपातीपणा म्हणत होतो.

तो वीस मिनिटं पहार धरून उभा राहिला. त्याची बायको गिरजा समोर फडक्यातली भाकर सोडून बसली होती. तिने भाकर परत बांधली. कडुबानेही त्या दिवशी खाल्लं नाही.

त्या संध्याकाळी मी पाच सुरुंग भरले. पाच आवाज झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला मी खाली उतरलो. चार जुनी भोकं पाहिली, स्वच्छ होती. पाचवं दगडाच्या ढिगाखाली होतं. तो ढीग बाया उपसतील, मग पाहू असं ठरवलं. सहा पंचावन्नला वर ओव्हरसियरची फटफटी वाजली. मी वर गेलो. त्यांना दाखवायला मोजमापाची वही मी आदल्या दिवशीच नीट लिहून ठेवली होती. साडेआठपर्यंत आम्ही वही पाहत होतो. मध्ये एकदा साखळीतली गयाबाई टोपलं घेऊन जवळ आली आणि काही बोलू लागली. मी हात वर करून तिला रांगेत पाठवलं. ओव्हरसियर गेले. मी पाचवं भोक विसरलो.

साडेअकराला मी काठावर येऊन उभा राहिलो.

"अर्धा तास!"

खालून घणांचा ठोका वाढला.

अकरा पन्नासला मी पुन्हा वाकलो. "सांडू, किती?"

उत्तर कडुबाने दिलं. "व्हतंय, हवालदार! बराबर व्हतंय!"

अकरा बावन्नला धमाका झाला.

मी लढाई पाहिली होती, तरी पहिले काही क्षण मी हललो नाही. सुरुंगाची वेळ साडेपाचची, आत्ता आवाज कसा, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. मग पायऱ्यांवरून उतरलो. धूळ होती. गिरजा साखळीत तिसरी होती. ती माझ्याआधी पोचली. तिने सांडूचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसत होती. पुसून उपयोग नव्हता. पहार त्याच्या छातीतून गेली होती. कडुबा चार हात दूर उताणा पडून दोन्ही हातांनी डोळे चाचपडत होता आणि विचारत होता, "सांडू, दिवा गेला का रं? सांडू?"

धान्याच्या ट्रकमधून कडुबाला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. त्याचे दोन्ही डोळे गेले.

संध्याकाळी माझा जबाब झाला. मी लिहिलं: 'जुन्या भोकात पहार मारण्यास सक्त मनाई असताना मजूर सांडू याने सदर मनाई मोडून जुन्या भोकात पहार धरली.' एकही शब्द खोटा नव्हता. सही केली, हुद्दा लिहिला, तारीख टाकली.

ते वाक्य गावभर गेलं. सांडूच्या आळसामुळे कडुबा आंधळा झाला, असं लोक बोलू लागले. कडुबाचा थोरला भाऊ गिरजाच्या दारात जाऊन ओरडला, "तुझ्या नवऱ्यानं आमचं घर आंधळं करून टाकलं. फूटभर दगडासाठी!" ती आत बसून राहिली. नवऱ्याचं दुःख करायची तिला सवड मिळाली नाही, आधी त्याच्यासाठी मान खाली घालावी लागली. नदीच्या झऱ्यावर ती आली की बाया बोलायच्या थांबायच्या. मी शेजारीच राहत होतो. सगळं पाहत होतो.

आठव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. कडुबाने माझ्या बुटांचा आवाज ओळखला.

"हवालदार, बसा."

मी बसलो.

"भोक जुनं व्हतं. आमाला ठावं व्हतं," तो म्हणाला. "सांडूच्या अंगात ताप व्हता. पहार धरता येत न्हवती. तो म्हणला, कडुबा, हितं फूटभर आयतं भेटून राह्यलं. आजच्या दिवस मारू. आज पुन्हा उभं राहायचं झालं तर गिरजा जेवायची न्हाई."

मी मोसंबीची पिशवी मांडीवर घेतली.

"मी न्हाई म्हणलो असतो, हवालदार. पण तुमी वरून किती म्हणून इचारलं आन् मी जल्दी जल्दी घण हाणला."

मी त्याच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि निघालो. गावी येऊनही दोन दिवस गप्प बसलो. जबाब खरा आहे, जबाब खरा आहे, असं स्वतःला बजावत राहिलो. आणि सारखा तो लांगरी बाबू डोळ्यांसमोर यायचा, कणकेच्या हातांनी सावधान उभा.

दहा दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. सकाळी सातला माणसं रांगेत उभी राहिली. चोवीसातली दोन कमी होती आणि गिरजाही नव्हती. मी हुकूम दिले. मग रांगेच्या शेवटी बायांसमोर गेलो आणि विचारलं, "आज चूक कुठे होईल?"

कोणी हललं नाही. माझी नवी शिक्षा असावी असं त्यांना वाटलं.

"कुणालाही बोलायची मोकळीक आहे. काय चुकतंय ते सांगा."

माझ्या घड्याळात पाच मिनिटं झाली. पुरुष जमिनीकडे पाहत होते. मग गयाबाई पुढे आली. पन्नाशीची, विधवा, सगळ्या गावात जिभेने प्रसिद्ध. त्या दिवशी तिचा आवाज लहान होता.

"हवालदार, त्या दिशी मी तुमाला सांगाया आल्ते."

"काय सांगायला?"

"ढीग काढला तवा खाली भोक निघालं. त्याच्या बुडाशी पिवळं मेनावानी दिसलं. म्या म्हणलं हवालदाराला दाखवावं. तुमी सायबासंगं वही बघून राह्यल्ते. मी तोंड उघडलं आन् तुमी हात वर केला."

"मग? मुकादमीण बाईला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. ती म्हणली, सायेब हाय, आत्ता बोललीस तर हवालदार दोघींना घरी धाडंल." ती थांबली. "म्या त्या भोकावर दगड ठिवला, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मंग टोपली भरता भरता कुणीतरी तो दगड उचलून नेला. डबरच काढत व्हतो ना आम्ही."

एवढं बोलून ती रडू लागली. तिला वाटत होतं, तिच्यामुळे सांडू गेला. दहा दिवस ती हे पोटात घेऊन फिरत होती, आणि मी माझ्या खऱ्या जबाबावर झोपत होतो.

मी सगळ्यांना घरी पाठवलं. त्याच दुपारी ओव्हरसियरकडे गेलो आणि दुसरा जबाब लिहून पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे कशाला ओढवून घेता, हवालदार? पहिल्या जबाबात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही. अर्धं आहे."

"हा कागद वर गेला तर तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही."

"मान्य."

"आणि पुढे दुसरीकडेही कुणी घेणार नाही."

"तेही मान्य. चूक माझी आहे, साहेब."

हे तीन शब्द उच्चारायला मला दहा दिवस लागले. सुभेदार साहेबांनी तेच रेडिओवर, दुसऱ्याच्या चुकीसाठी, एका श्वासात म्हटले होते. चांगला लीडर कसा असतो म्हणून कुणी विचारलं तर मला एवढंच उत्तर माहीत आहे. खालच्या माणसाला वाईट बातमी घेऊन त्याच्याकडे यायला भीती वाटत नाही, आणि वरून 'चूक कुणाची' असं विचारलं की तो मागे वळून पाहत नाही. बाकी घड्याळ आणि शिट्टी कुणालाही बाळगता येते.

तिथून मी कडुबाच्या घरी गेलो. त्याच्या थोरल्या भावाने मला ओट्यावर बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच बोललो, शेजारची माणसं गोळा होईपर्यंत थांबून बोललो. पाचवं भोक मी तपासलं नव्हतं. गयाबाई सांगायला आली तेव्हा मी तिला हाकललं. सांडूला ताप होता आणि त्याला तो सांगायची मी सोय ठेवली नव्हती. मी एकट्या सांडूला उभं केलं होतं आणि का, तेही सांगितलं. ते सांगताना भावाची मान खाली गेली. तो आत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्याची बायको पिठाचं टोपलं घेऊन गिरजाच्या दारात गेली, एवढं मी पाहिलं.

गिरजाकडे मी शेवटी गेलो. सीमेवर पहिल्या माइनपुढे झोपलो तेव्हाही पाय इतके जड नव्हते. ती दारात तांदूळ निवडावेत तसे मिलोतले खडे वेचत होती. मी सगळं सांगितलं. कडुबाच्या ओट्यापुढे सांगितलं त्याच क्रमाने.

ती खडे वेचत राहिली.

"वहिनी, मला काय बोलायचं ते बोला," मी म्हणालो.

"काय बोलू, भाऊजी?" ती म्हणाली. "त्या दिशी उभं केलं तुमी त्यान्ला. रातच्याला मी लई बोलले तुमाला. म्हणलं, आपल्या वस्तीतला माणूस असून आपल्यालाच उभा करतो. तर मलाच बोलले. म्हणले, गप बैस. तुळश्याला हुकूम चालवाया मिळालाय, गाव टपून बसलंय त्याला पाडाया. आपणच त्याचं न्हाई आयकलं तर दुसरं कोण आयकंल."

मी तिथून उठून कधी घरी आलो ते मला आठवत नाही.

जूनमध्ये दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली त्या विहिरीला एकेचाळीस फुटांवर पाणी लागलं. पाणी गोड आहे. मी बरीच वर्षं ते प्यायलो नाही. १९७६ मध्ये जालन्यात एका जिनिंग कारखान्यात मला सुपरवायझरची नोकरी मिळाली. घेण्यापूर्वी मी मालकांना दोन्ही जबाबांची नक्कल दाखवली. रोज सकाळी साडेसातला मशीन सुरू होण्याआधी मी झाडणाऱ्या बाईला विचारायचो, आज चूक कुठे होईल. माझ्यामागे फोरमन हसायचे. हसू दिलं.

कडुबा सत्तरीचा होऊन गेला. लांगरी बाबूचा पत्ता मला सापडला नाही. सुभेदार हरनाम सिंग साहेबांना मी पत्र लिहून सगळं कळवलं होतं. उत्तर त्यांच्या मुलाचं आलं, साहेब त्याआधीच गेले होते.

सांडू, बौद्ध वस्ती, वय सदतीस. पहिल्या जबाबात मी लिहिलं होतं की त्याने माझा हुकूम मोडला. दुसऱ्या जबाबातलं शेवटचं वाक्य असं आहे: 'सांडूने माझे दोन हुकूम एकाच वेळी पाळायचे होते आणि ते शक्य नव्हतं. म्हणून त्याने मला जो जास्त प्यारा होता तो पाळला, बारा वाजेपर्यंत तीन फूट.'